पहिला डॉक्टर कुठे घडतो? (प्राथमिक आरोग्यसेवा आणि वैद्यकीय शिक्षण)

बालाघाट | १२ जुलै, रात्री ९:५०

मी एमडी मेडिसिन. एमबीबीएस झाल्यावर बीड जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसी) काही वर्षं वैद्यकीय अधिकारी होतो, आता तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. ओळखीतली एमबीबीएसची मुलंमुली सुट्टीत माझ्या ओपीडीत येऊन बसतात. हुशार असतात, मन लावून बघतात. पण तिसऱ्या-चौथ्या पेशंटनंतर त्यांचा चेहरा गोंधळतो, कारण समोर आलेल्या माणसाच्या आजाराला अजून नावच पडलेलं नसतं.

१९६१ साली केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि इंग्लंडमधल्या आकड्यांवरून एक हिशोब मांडला होता. १००० प्रौढ माणसं घ्या. महिन्याभरात त्यांतल्या ७५० जणांना काही ना काही दुखणं होतं. २५० जण डॉक्टरकडे जातात. ९ जण भरती होतात, ५ जणांना दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवलं जातं आणि विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयात पोचतो तो फक्त १. आपले विद्यार्थी साडेचार वर्षं त्या एकाच्या खाटेभोवती उभे असतात. उरलेल्या २४९ जणांना बघायला त्यांना कोण शिकवतं?

हे २४९ जण काय घेऊन येतात? चक्कर, थकवा, छातीत धडधड, दोन दिवसांचा ताप, अंगावरून पांढरं जाणं, झोप न लागणं. मेडिकल कॉलेजात पेशंट येतो तेव्हा हातात चिठ्ठी असते, आधी दोघातिघांनी तपासलेलं असतं. पीएचसीत आपणच पहिले. आज गोळ्या द्यायच्या, परवा पुन्हा बोलवायचं की आत्ताच १०८ बोलवायची, हा निर्णय दिवसातून पन्नास वेळा घ्यावा लागतो. थांबून बघण्यातही कौशल्य असतं, आणि ते वॉर्डात शिकता येत नाही, कारण तिथे कोणी थांबूच शकत नाही.

हे चुकतं तेव्हा काय होतं ते आमच्या जिल्ह्याने पाहिलंय. ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बायकांची गर्भाशयं ऐन तिशीत काढली गेली. २०१९ मध्ये त्यावर चौकशी समिती नेमावी लागली. त्यातल्या अनेकींची मूळ तक्रार अंगावरून पांढरं जाणं आणि कंबर-पोट दुखणं एवढीच होती. नीट विचारपूस, तपासणी, नवराबायको दोघांना औषधं आणि महिन्याने पुन्हा भेट, इतक्यावर बरं होणारं दुखणं ऑपरेशनच्या टेबलावर गेलं, कारण मधला डॉक्टरच नव्हता.

माझं म्हणणं सरळ आहे. पहिल्या पायरीचा डॉक्टर पहिल्या पायरीवरच घडवला पाहिजे. इंटर्नशिपचे कम्युनिटी मेडिसिनचे तीन महिने खरोखर पीएचसीत आणि ग्रामीण रुग्णालयात जावेत, आणि तिथल्या अनुभवी डॉक्टरला शिक्षकाचा दर्जा आणि मानधन मिळावं. प्रत्येक मेडिकल कॉलेजात फॅमिली मेडिसिनचा, म्हणजे फॅमिली डॉक्टर घडवणारा, स्वतंत्र विभाग असावा, त्याची स्वतःची ओपीडी असावी. आणि या कामात आयुष्य घालवणाऱ्याला एमडीच्या बरोबरीचा मान मिळावा.

डॉक्टर असा वा पेशंट, तुमचा अनुभव सांगा.

मुक्तछंदा | १२ जुलै, रात्री १०:२०

पेशंटच्या बाजूने लिहिते. माझी आई ७४ वर्षांची, आम्ही पुण्यात. तिला हृदयाचे वेगळे, शुगरचे वेगळे, गुडघ्याचे वेगळे आणि चक्करचे वेगळे डॉक्टर. चौघेही आपापल्या जागी उत्तम. पण हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेली रक्तदाबाची गोळी टेल्मिसार्टन आणि शुगरवाल्यांनी दिलेली टेल्मिसार्टन वेगवेगळ्या नावांनी आमच्या डब्यात आली. दोन्ही रोज सुरू. रात्री बाथरूमला उठली आणि पडली. चक्कर म्हणून मग चौथ्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी चक्करची गोळी वाढवली.

शेवटी पकडलं कोणी? कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने. त्याने दोन्ही पाकिटं शेजारी ठेवली आणि म्हणाला, ताई, हे एकच औषध आहे. तिच्या सगळ्या गोळ्या एकत्र बघणारा एकही माणूस या शहरात मला सापडत नाही, याची काळजी वाटते.

पिंपळपार | १२ जुलै, रात्री १०:४१

वाचतोय. आमच्या गावात डॉक्टरची परीक्षा एकच, सुई देतो का? आमची आजी जुलाबासाठी ओआरएसचं पाकीट घेऊन आली आणि म्हणाली, "पाणीच प्यायचं होतं तर घरी हंडा होता की!"

बालाघाट | १२ जुलै, रात्री ११:०५

पिंपळपार, आजींना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याने माणसं मरत होती, सलाईनच्या बाटल्या संपल्या होत्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा घातलेलं पाणी पिंपात कालवून नातेवाइकांच्या हाती दिलं. छावणीतला मृत्युदर ३० टक्क्यांच्या आसपास होता, तो ४ टक्क्यांच्याही खाली आला. हंड्यातल्याच पाण्याने जीव वाचले.

मुक्तछंदाताई, तुमच्या आईसाठी एक करा. सगळी पाकिटं, कागद नव्हे, पिशवीत घालून कुठल्याही एका फिजिशियनकडे न्या आणि फक्त एवढंच विचारा, यातलं काय बंद करता येईल? गोळ्या कमी करण्यासाठीही वेळ मागायचा असतो. स्वतःहून मात्र काही बंद करू नका.

रात्रपाळी | १३ जुलै, सकाळी ७:१५

मी बंधपत्रावर, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेत, नंदुरबार जिल्ह्यात आहे. रुजू होऊन थोडेच दिवस झाले होते. पहाटे एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा आणला, पोटात दुखतंय म्हणून रडत होता. ताप नाही, उलटी नाही, पोट मऊ. मी तपासत होते तेवढ्यात आमच्या सिस्टरांनी त्याच्या आईला विचारलं, "रात्री खाली झोपला होता का?" आई हो म्हणाली. सिस्टर मला म्हणाल्या, "मॅडम, पापण्या बघा."

पापण्या खाली येत होत्या. मण्यार साप चावला होता. दंशाची खूण कुठे दिसत नव्हती. अॅड्रेनलिन भरून ठेवली, एएसव्हीच्या (सर्पविषावरच्या औषधाच्या) १० बाटल्या चढवल्या, आणि १०८ मध्ये श्वास देणारी अंबू बॅग हाताने दाबत सिव्हिलला नेलं. मुलगा व्हेंटिलेटरवर राहून घरी परत आला.

मण्यारीवरचा प्रश्न मी परीक्षेच्या तयारीत इतक्यांदा सोडवलाय की चारही पर्याय पाठ आहेत. पण त्या प्रश्नात "पहाटे लकवा, दंशाची खूण नाही" असं लिहिलेलं असतं. माझ्यासमोरचा मुलगा फक्त "पोट दुखतंय" म्हणत होता. सिस्टरांना ते कळलं, कारण त्या या पाड्यांवर वर्षानुवर्षं काम करतात आणि लोक इथे जमिनीवर झोपतात हे त्यांना माहीत आहे. डॉक्टर बालाघाट, तुमच्या "अनुभवी शिक्षक" यादीत सिस्टरांनाही घाला.

शल्यकर्मी | १३ जुलै, दुपारी १:३०

मला हा सूर एकांगी वाटतो. एमबीबीएसला आधीच १९ विषय आहेत. त्यात आणखी ठासून काय होणार? रोग अभ्यासक्रमात नाही, व्यवस्थेत आहे. पीएचसीत एक्स-रे नाही, सोनोग्राफी नाही, वर्षअखेर औषधांची बोंब, क्वार्टरचं छत गळतं, मुलांना शाळा नाही आणि पेशंट दगावला की जमाव दारात. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१० चा कायदा आहे, पण त्या रात्री कायदा मदतीला धावत येत नाही. असल्या जागी कितीही छान शिकवलेला डॉक्टर पाठवा, तो वर्षात परत येणार.

तमिळनाडूत डॉक्टर का टिकतात ते बघा. १९९४ साली त्यांनी औषधखरेदीसाठी वेगळं महामंडळ काढलं, गोदामात काय आहे ते प्रत्येक केंद्राला कळतं. सार्वजनिक आरोग्याची वेगळी सेवा आहे. आणि राज्याच्या वाट्याच्या पीजी (पदव्युत्तर) जागांपैकी निम्म्या सरकारी सेवेतल्या डॉक्टरांसाठी. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही राज्यांचा असं आरक्षण ठेवण्याचा अधिकार मान्य केला. आधी हे करा, मग अभ्यासक्रमाचं बोलू.

वनौषधी | १३ जुलै, दुपारी २:१०

मी बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाचा पदवीधर, गट ब वैद्यकीय अधिकारी. दुर्गम भागातल्या कितीतरी केंद्रांत आणि पथकांत आम्हीच असतो. रात्री बाळंतपण आम्ही करतो, पोस्टमॉर्टेम आम्ही करतो. धाग्यात आतापर्यंत आमचं नावही आलं नाही. प्रशिक्षण हवंच आहे, आम्हाला सगळ्यात जास्त हवं आहे, पण ते मागितलं की लगेच "पॅथी"चं भांडण सुरू होतं.

शल्यकर्मी | १३ जुलै, दुपारी २:२५

भांडण व्हायलाच हवं. सहा महिन्यांच्या किंवा वर्षाच्या कोर्सवर अॅलोपॅथीची औषधं लिहायची परवानगी, हा पेशंटच्या सुरक्षेचा प्रश्न आहे.

वनौषधी | १३ जुलै, दुपारी २:४०

सुरक्षेचाच प्रश्न आहे, मान्य. मग आमच्या केंद्रात तुमच्यातला कोणी येईपर्यंत रात्री आलेल्या बाईने काय करायचं, त्याचंही उत्तर द्या.

व्यवस्थापक | १३ जुलै, दुपारी ३:००

पॅथीच्या वादासाठी वेगळा धागा आहे, तिकडे जरूर लिहा. इथे मूळ विषयावर राहू या.

यॉर्कशायरी | १३ जुलै, रात्री ८:५५

मी इंग्लंडमध्ये जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, आहे. इकडे एमबीबीएसनंतर दोन वर्षं फाउंडेशन, मग जीपीचं तीन वर्षांचं प्रशिक्षण. त्यातला मोठा भाग प्रत्यक्ष जीपीच्या दवाखान्यात जातो. माझी ट्रेनर पहिले काही आठवडे माझ्या शेजारी बसायची. नंतर मी पेशंटच्या संमतीने भेटीचं चित्रीकरण करायचो आणि दुपारी आम्ही दोघं ते बघायचो. ती औषधांबद्दल फार कमी बोलायची. "इथे ती बाई काहीतरी सांगणार होती, तू का तोडलंस?" असं विचारायची. हे शिकायला तीन वर्षं लागतात हे मला तिथेच पटलं.

सगळं गोड आहे असं मात्र नाही. दहा मिनिटांत एक पेशंट उरकायचा, भेटीसाठी लोक ताटकळतात, ओळखीचा डॉक्टर मिळणं इथेही अवघड होत चाललंय. पण वेल्समधल्या एका खाणकामगारांच्या गावात आयुष्यभर जीपी राहिलेले ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये लिहून ठेवलं आहे की चांगली वैद्यकीय सेवा जिथे गरज जास्त तिथेच कमी पोचते, आणि बाजाराच्या हाती दिली की हे अंतर वाढतं. शल्यकर्मी, तुमचा तमिळनाडूचा मुद्दा मला याच वाटेवरचा वाटतो. डॉक्टर बालाघाट आणि तुम्ही एकमेकांच्या विरुद्ध बोलताय असं मला दिसत नाही.

सेवाग्रामी | १३ जुलै, रात्री ९:३०

आमच्या सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली कॉलेज सुरू केलं तेव्हापासून प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते. पहिल्याच वर्षी गावात शिबिर असतं, तिथेच राहायचं, घरं वाटून घ्यायची, आणि मग पुढची वर्षं त्याच घरांत जात राहायचं. माझ्या वाटणीच्या घरातल्या काकूंचं हिमोग्लोबिन मी पहिल्या वर्षी मोजलं. त्यांना लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्या उतरंडीत ठेवून द्यायच्या. का, ते कळायला बऱ्याच फेऱ्या गेल्या. गोळीने शौचाला काळी होते, म्हणून सासूने बंद करायला लावल्या होत्या. सासूशी बोलले, मग गोळ्या सुरू झाल्या. लेक्चरमध्ये मला अॅनिमियाचे प्रकार कळले. अॅनिमिया बरा कसा होतो ते मात्र सासूबाईंशी बोलल्यावर कळलं.

आता एनएमसीने (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने) सगळ्याच कॉलेजांना कुटुंब दत्तक योजना लागू केली आहे. कल्पना उत्तम आहे.

आकडेमोड | १३ जुलै, रात्री १०:१०

सेवाग्रामी, तुमच्याकडे त्यामागे काही दशकांची सवय आहे. माझी भाची एका खाजगी कॉलेजात आहे. बसने गावात नेतात, फोटो, लॉगबुकात सह्या, परत. कारण या कामाला परीक्षेत किंमत नाही. इंटर्नशिपचं तर विचारूच नका. ते वर्ष पेशंट बघायचं आहे, पण सगळी मुलं नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचे बहुपर्यायी प्रश्न सोडवत बसतात आणि ड्युटी एकमेकांवर ढकलतात. मुलांना दोष देत नाही. एका परीक्षेवर पुढचं सगळं आयुष्य ठरत असेल तर कोणीही तेच करील. डॉक्टर बालाघाट, तुमचे तीन महिने या परीक्षेशी कसे लढणार?

पांथस्थ७० | १४ जुलै, सकाळी ६:४०

निवृत्त आहे, म्हणून थोडं जुनं सांगतो. १९४६ च्या भोर समितीने "सामाजिक वैद्य" घडवायला सांगितलं होतं, त्यासाठी प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाचं तीन महिन्यांचं प्रशिक्षणही सुचवलं होतं. त्याच समितीने एलएमपीचा (पदवीपेक्षा कमी मुदतीचा डॉक्टरकीचा) अभ्यासक्रम बंद करून एकच पदवी ठेवा म्हटलं, आणि तेव्हा काही सदस्यांनी त्याला विरोध नोंदवला, की खेड्यांना डॉक्टर कुठून मिळणार? १९७५ मध्ये वैद्यकीय शिक्षणावर श्रीवास्तव समिती आली. १९७७ मध्ये वैद्यकीय शिक्षण गावाकडे वळवणारी "रोम" योजना आली, प्रत्येक कॉलेजाला तीन पीएचसी जोडून दिल्या, फिरत्या दवाखान्याच्या मोठ्या गाड्या आल्या. मी शिकवत होतो त्या कॉलेजातली गाडी आमच्या गावरस्त्यांवरून वळायचीच नाही. पुढे ती आवारात उभीच राहिली.

कल्पना कधीच कमी नव्हत्या. मेडिसिन, सर्जरीच्या प्राध्यापकांनी पीएचसी कधी आपली मानली नाही. ती पीएसएमची (प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यक विभागाची), म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी, असंच राहिलं. मेडिसिनचा प्राध्यापक आठवड्यातून एकदा पीएचसीत बसून मुलांसमोर पेशंट तपासू लागला असता तर चित्र वेगळं असतं.

गटप्रवर्तक_ताई | १४ जुलै, सकाळी ११:२०

मी आशांची गटप्रवर्तक, म्हणजे त्यांच्या कामावर देखरेख ठेवणारी, आहे, फोनवरून लिहिते, चुका समजून घ्या.

दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशा ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जाते. बाळाचं वजन करते, ताप मोजते, श्वास मोजते, आई दूध नीट पाजते का बघते. ही पद्धत आपल्याच गडचिरोलीतून आली. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून ते करून दाखवलं, नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले आणि १९९९ साली ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्याच्याही आधी, १९७० पासून जामखेडला आरोळे डॉक्टर नवराबायकोने अक्षरओळख नसलेल्या बायकांना शिकवून गावं बदलली.

आता खरं दुखणं सांगते. आशा घरी जाऊन बाळ सुस्त आहे असं ओळखते, आईला घेऊन केंद्रात येते, आणि नवीन डॉक्टर तिचं ऐकून घेत नाहीत. "तू थांब बाहेर" म्हणतात. ऐकणारे डॉक्टर पण पाहिलेत. एक मॅडम होत्या, त्या प्रत्येक आशाला नावाने हाक मारायच्या आणि पाठवलेल्या पेशंटचं पुढे काय झालं ते फोन करून सांगायच्या. त्यांच्या काळात आमच्या बायका जास्त पेशंट वेळेत आणायच्या. डॉक्टर लोकांना शिकवताना हे पण शिकवा.

रात्रपाळी | १४ जुलै, सकाळी ११:४५

ताई, +१०००. आणि चुका कुठे आहेत?

पिंपळपार | १४ जुलै, दुपारी १२:०२

ताईंचा प्रतिसाद आजीला वाचून दाखवला. आजी म्हणते, आमच्या आशाला नावाने हाक मारणारा डॉक्टर आला तर सुई न देताही चालेल. हा मोठा विजय समजा.

बालाघाट | १४ जुलै, रात्री १०:३०

एकेकाला उत्तर देतो.

शल्यकर्मी, औषधं, क्वार्टर, सुरक्षा, सगळं मान्य. पण साधनं येईपर्यंत शिकवणं थांबवा, हे पटत नाही. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावसकर होते तेव्हा तिथे काय साधनं होती? विंचूदंशाची मुलं डोळ्यांदेखत जायची. ते रात्रभर खाटेशेजारी बसले, रक्तदाब मोजत राहिले, नोंदी ठेवल्या, आणि त्यातून पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपचार उभा राहिला. कोकणातले ते मृत्यू ४० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आले. पहिल्या पायरीवर बसलेला डॉक्टर नवं ज्ञान निर्माण करतो, हे आपण मुलांना सांगतच नाही.

आकडेमोड, तुमचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे. माझं उत्तर असं, की परीक्षा बदलल्याशिवाय इंटर्नशिप वाचणार नाही. पीजीच्या गुणांत इंटर्नशिपमधल्या कामाच्या मूल्यमापनाला वाटा हवा. ओळखीपाळखीने गुण वाटले जातील ही भीती रास्त आहे, म्हणून मूल्यमापन बाहेरच्या परीक्षकाने करावं. खऱ्या ओपीडीतले दहा पेशंट द्यावेत आणि मुलगा काय विचारतो, काय तपासतो, कोणाला घरी पाठवतो ते पाहावं. आता पीजीच्या मुलांना जिल्हा रुग्णालयात तीन महिने काढावे लागतात, तिथूनच सुरुवात करता येईल.

वनौषधी, तुमचं नाव मूळ लेखात यायला हवं होतं. केंद्रात जो रात्री जागतो त्याला शिकवलंच पाहिजे, पदवी कुठली का असेना. कायद्याचा वाद ज्यांना घालायचा त्यांनी घालावा, पण प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवायला शिकवण्यासाठी निकालाची वाट बघू नये.

ताई, तुमचा प्रतिसाद मी माझ्याकडे येणाऱ्या मुलांना वाचायला देणार आहे.

रात्रपाळी | १४ जुलै, रात्री १०:५०

डॉक्टर, एक व्यावहारिक शंका. मला हेच काम आवडायला लागलंय. पण घरचे विचारतात, पीजी कशात करणार? फॅमिली मेडिसिन म्हटलं की "म्हणजे परत जनरल प्रॅक्टिसच ना?" असं ऐकावं लागतं. खरंच पुढे वाट आहे का?

यॉर्कशायरी | १४ जुलै, रात्री ११:१०

घरच्यांना सांगा की इकडे जीपी हा स्वतंत्र तज्ज्ञ धरला जातो आणि त्याची परीक्षा सोपी नाही.

बालाघाट | १४ जुलै, रात्री ११:२५

वाट आहे, अरुंद आहे. फॅमिली मेडिसिनचं तीन वर्षांचं डीएनबी (पदव्युत्तर शिक्षण) आहे, २०२० पासून दोन वर्षांचा डिप्लोमाही सुरू झालाय. एमडी मोजक्याच ठिकाणी आहे, कालिकतच्या सरकारी कॉलेजाने ते आधी सुरू केलं. जागा घेताना एकच बघा. तिथे तुम्हाला स्वतःची ओपीडी मिळणार आहे का, की सगळ्या विभागांत फिरवून फुकटचा हात म्हणून वापरणार? आधीच्या बॅचच्या मुलांना फोन करून हे विचारा.

आणि तोवर एक करू या. महिन्याच्या पहिल्या रविवारी आपण ऑनलाइन भेटू. पीएचसीतल्या कोणीही एक पेशंट मांडायचा, नाव-गाव न सांगता. बीएएमएस, सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), सिस्टर, आशा, सगळ्यांनी यावं. पहिला विषय रात्रपाळींनी मांडावा, मण्यार. सिस्टरांनाच बोलू द्या.

वनौषधी | १५ जुलै, सकाळी ८:०५

मी येणार. आमच्या पथकातल्या दोघांना आणतो. दुसऱ्या महिन्याला बाळंतपणातला रक्तस्राव घ्या.

शल्यकर्मी | १५ जुलै, सकाळी ८:४०

मतभेद कायम. पण गळू कापणं, टाके घालणं, भाजलेल्या जखमेचं ड्रेसिंग आणि कुठलं पोट रात्रीच पाठवायचं, हे मी शिकवतो. हे कॅमेऱ्यावर जमणार नाही, नाशिकला या, जागा माझी. टाक्यांसाठी फोम आणि जुनी सुई-होल्डर मी जमवतो. वनौषधी, तुम्ही दोघंतिघं आलात तर आनंदच आहे. रविवार चालेल, फक्त सकाळी ९ ला सुरू करा, १२ नंतर मला ऑपरेशनं आहेत.